सिल्हूटसाठी .२२ काडतुसं: रीलोड होत नाहीत, मग अचूकता मिळवायची कशी

सेंटरफायर रायफल मारणारा माणूस स्मॉलबोअर सिल्हूटकडे, म्हणजे .२२ रायफलने लोखंडी प्राणी-पक्षी पाडायच्या खेळाकडे वळला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ".२२ चं रीलोडिंग, म्हणजे रिकामी केस पुन्हा भरणं, कसं करायचं?" साहजिक आहे, कारण हाय पॉवरमध्ये, म्हणजे याच खेळाच्या मोठ्या रायफलच्या प्रकारात, स्वतः काडतूस भरल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, पावडर मोजायची, गोळी किती खोल बसवायची ते ठरवायचं, सगळं आपल्या हातात. .२२ सारख्या रिमफायरमध्ये तो दरवाजा बंद आहे. पण कंट्रोल पूर्ण गेलाय असंही नाही, तो भरण्याऐवजी निवडण्यात आणि तपासण्यात आहे, आणि ते काम नीट केलं तर भरलेल्या काडतुसाइतकंच समाधान मिळतं. खाली तेच सविस्तर लिहितोय.

आधी रीलोडिंगचा विषय संपवू

सेंटरफायरमध्ये प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारा भाग, हा वेगळा छोटा कप असतो, जुना ठोकून काढला, नवा दाबून बसवला की झालं. रिमफायरमध्ये प्रायमर असा वेगळा तुकडाच नाही. कारखान्यात ओलं स्फोटक मिश्रण केसच्या तळाशी टाकतात, केस जोरात फिरवून ते रिमच्या, म्हणजे तळाच्या बाहेर आलेल्या कडेच्या, पोकळ घडीत पसरवतात, मग वाळवतात. फायरिंग पिन त्या रिमला चेचते आणि ती घडी कायमची दबते, म्हणजे एकदा उडालेल्या केसची रिम पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. वर ते मिश्रण घासलं, आपटलं तरी पेट घेणारं असतं. बाजारात .२२ रीलोड करायची किटं मिळतात, व्हिडिओही भरपूर आहेत, पण घरच्या टेबलावर प्रायमर मिश्रण बनवणं म्हणजे बोटं आणि डोळे पणाला लावणं, बऱ्याच देशांत ते बेकायदेशीरही आहे, आणि एवढं करून जे काडतूस तयार होतं ते सर्वात स्वस्त फॅक्टरी डब्याच्याही जवळ जात नाही.

दुसरी अडचण गोळीची. .२२ एलआर (लाँग रायफल) हे १८८७ चं डिझाईन, गोळीची टाच बारीक करून केसमध्ये घुसवलेली आणि बाहेरचा भाग केसच्याच जाडीचा. त्यामुळे सेंटरफायरच्या डाय आणि गोळ्या इथे काही कामाच्या नाहीत. फॅक्टरीच्या काडतुसाची गोळी ओढून पावडर बदलणे, गोळी आणखी आत ढकलणे असले प्रयोगही करू नका, केस पातळ असते, प्रेशर कुठे जाईल सांगता येत नाही, आणि बहुतेक मॅचच्या नियमांत काडतूस जसं कारखान्यातून आलं तसंच वापरायचं असतं. तर हा विषय इथे बंद.

खेळ काडतुसाकडून नक्की काय मागतो

डबा निवडण्याआधी हे स्पष्ट पाहिजे. स्मॉलबोअर रायफल सिल्हूटमध्ये ४० मीटरवर कोंबड्या, ६० वर डुकरं, ७७ वर टर्की आणि १०० वर मेंढे, सगळे लोखंडी, हाय पॉवरच्या टार्गेटच्या एक पंचमांश आकाराचे. कोंबडी जेमतेम पाच-सहा सेमीची, मेंढा साधारण सोळा सेमी लांब. उभ्याने, स्लिंगशिवाय (आधाराच्या पट्ट्याशिवाय) मारायचं, पाच टार्गेट डावीकडून उजवीकडे, अडीच मिनिटात पाच शॉट. खेळ मेक्सिकोतून आला म्हणून कमांड अजून स्पॅनिश आहेत, 'लिस्तो' म्हटलं की तयार आणि 'फुएगो' म्हटलं की सुरू. यात महत्त्वाचा मुद्दा असा की टार्गेट पडलं पाहिजे. गोळी लागून नुसतं हललं, वळलं आणि तिथेच उभं राहिलं तर तो मिसच.

म्हणजे दोन मागण्या झाल्या. गोळी सांगितलेल्या जागी जायला हवी आणि १०० मीटरवर मेंढा पाडण्याइतका धक्का तिच्यात शिल्लक हवा.

आता पहिल्या मागणीबद्दल थोडं गणित, कारण लोक इथेच पैसे उडवतात. समजा एखादा चांगला शूटर उभ्याने १०० मीटरवर आपले शॉट १० सेमीच्या वर्तुळात ठेवतो आणि त्याचं काडतूस बेंचवरून, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून, २ सेमीचा ग्रुप देतं, म्हणजे शॉटचा पसारा तेवढाच. दोन्ही चुका सरळ बेरीज होत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे एकूण १०.२ सेमी. आता काडतूस ५ सेमीवालं घेतलं तर ११.२. आणि ८ सेमीवालं भिकार काडतूस घेतलं तर १२.८. बघा, २ आणि ५ मधला फरक एक सेमी आहे, पण ५ वरून ८ वर गेलं की नुकसान वाढत जातं. म्हणून उभ्याने मारणाऱ्याला सर्वात महाग डबा लागतच नाही, त्याला बेभरवशाचा डबा टाळायचा असतो. माझं मत विचाराल तर सिल्हूटमध्ये ग्रुपच्या आकारापेक्षा फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर भरकटणारे शॉट, जास्त छळतात, कारण शॉट हातातून चांगला सुटला आणि कोंबडी उभीच राहिली की डोक्यात शंका घुसते, आणि मग पुढचे चार शॉट ती शंकाच मारते.

पायरी पहिली: वेग ठरवा

.२२ एलआरची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. स्टँडर्ड व्हेलॉसिटी आणि मॅच काडतुसांचा वेग साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद, हाय व्हेलॉसिटीचा ३७५ ते ३८५. नवीन माणूस म्हणतो वेग जास्त तर वारा कमी लागेल आणि मेंढा धाडकन पडेल. वाऱ्याच्या बाबतीत उलटं होतं. आडवा वारा गोळीला किती ढकलणार हे तिच्या एकूण वेळेवर अवलंबून नसतं, हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर असतं. हाय व्हेलॉसिटी गोळी ध्वनीच्या वेगाच्या वर सुटते, तिथे हवेचा विरोध एकदम वाढलेला असतो, वाटेत ती ध्वनीच्या खाली उतरते आणि या सगळ्यात उशीर जास्त होतो. १०० मीटरवर ४ मीटर प्रति सेकंदाच्या आडव्या वाऱ्यात स्टँडर्ड गोळी आठ-नऊ सेमी सरकते, हाय व्हेलॉसिटी तेरा-चौदा. सोळा सेमीच्या मेंढ्यावर हा फरक म्हणजे हिट आणि मिस. आणि तो जास्तीचा वेगही बराचसा वाटेतच खर्च होतो, त्यामुळे १०० मीटरला पोचेपर्यंत दोघांच्या धक्क्यातला फरक बराच कमी झालेला असतो.

म्हणून सुरुवात स्टँडर्ड व्हेलॉसिटीनेच करा. सीसीआय स्टिंगरसारखी हायपर व्हेलॉसिटी काडतुसं सिल्हूटच्या नियमात चालत नाहीत, .२२ मॅग्नम चालत नाही, .१७ ची रिमफायरही नाही, आणि तुमच्या मॅचचं नियमपुस्तक एकदा स्वतः वाचून घ्या, लोक सांगतात त्यावर जाऊ नका.

पायरी दुसरी: थोडे थोडे प्रकार घ्या, लॉट नंबर लिहा

चार ते सहा प्रकार पुरे. एक स्वस्त पण इमानदार, उदाहरणार्थ सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी. दोन मधल्या किमतीचे, एसके स्टँडर्ड प्लस, एसके रायफल मॅच, एलीचं क्लब या गटातले. आणि एक-दोन वरचे, लापुआ सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएस रायफल मॅच, एली मॅच. एलीचं टेनेक्स किंवा आरडब्ल्यूएसचं आर ५० ही सर्वात महागडी नंतर बघू, वरचं गणित आठवा.

आता नीट वाचा. रिमफायरमध्ये ब्रँड हे नाव झालं, खरी वस्तू म्हणजे लॉट, कारखान्यात एका वेळी बनलेली खेप. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये मिश्रण, पावडर, गोळीवरचं मेण, मशीनची सेटिंग यांचे बारीक फरक असतात आणि प्रत्येक बॅरलला त्यातलं काय आवडेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून लापुआने जर्मनीतल्या शोनेबेकला आणि अमेरिकेत टेस्ट सेंटर उघडलीत, तिथे तुमची रायफल क्लॅम्पमध्ये बसवून वेगवेगळे लॉट मारून बघतात, एलीही असं टेस्टिंग करून देते. आपल्याला तेच काम घरच्या रेंजवर साध्या साधनांनी करायचंय. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा, एलीच्या डब्यावर लॉटसोबत मोजलेला वेगही छापलेला असतो, तोही लिहा. लॉट नंबरशिवाय केलेली टेस्ट ही नुसती करमणूक.

पायरी तिसरी: रायफल टेस्टच्या लायकीची करा

स्कोपच्या रिंगा आणि बेसचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा, अॅक्शनचे स्क्रू तपासा. निम्म्या "खराब काडतुसां"चा उगम इथे असतो. मग चेंबर, म्हणजे बॅरलमधली काडतूस बसायची जागा. .२२ मध्ये चेंबरच्या पुढच्या कडेला कार्बनचं कडक कडं जमतं, नवीन काडतूस बसताना घट्ट लागायला लागलं किंवा अचानक फ्लायर वाढले की पहिला संशय त्याच्यावर घ्या. ब्रास किंवा नायलॉन ब्रश आणि सॉल्व्हेंट, चेंबरच्या बाजूने, रॉड गाईड वापरून, एवढंच. बॅरल मात्र रोज घासून चकचकीत करू नका, .२२ ची गोळी शिशाची असते आणि तिच्यावरचं मेण बॅरलमध्ये पातळ थर करतं, तो थर बसल्यावरच ग्रुप स्थिर होतात.

आणि इथेच बहुतेक टेस्ट फसतात: प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं. कुणाचं चिकट, कुणाचं कोरडं. एक डबा संपवून लगेच दुसऱ्याचा ग्रुप मारला तर तुम्ही दुसऱ्याचं काडतूस पहिल्याच्या मेणावर तपासताय. प्रकार बदलला की आधी पंधरा-वीस गोळ्या नुसत्या मातीच्या बांधात घाला, त्यांचा हिशेब ठेवू नका, मग मोजायला सुरुवात करा. गोळ्या फुकट जातात असं वाटतं, पण त्या वाचवल्या तर बाकीच्या सगळ्या फुकट जातात.

पायरी चौथी: ग्रुप मारा, आणि जरा जास्त मारा

बेंच, पुढे बॅग, मागे बॅग, शांत हवा. सकाळी लवकर वारा कमी असतो, तरी २५ आणि ७५ मीटरवर रिबिनीचा तुकडा काठीला बांधून ठेवा. रायफल दर वेळी बॅगवर त्याच जागी ठेवायची आणि गाल, खांदा यांचा दाबही तोच ठेवायचा.

पहिली फेरी ५० मीटरवर. प्रत्येक प्रकाराचे पाच शॉटचे किमान पाच ग्रुप. एका ग्रुपवरून निकाल लावू नका, एकच काडतूस एका ग्रुपला १२ मिमी दाखवतं आणि पुढच्याला २५, आणि यात काडतुसात काहीच बदललेलं नसतं, पाच शॉट हा आकडाच लहान आहे. खिशात एक भारी ग्रुपवालं टार्गेट घेऊन फिरणारे लोक सगळ्या रेंजवर असतात. जमलं तर सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर सोडून प्रत्येक भोकाचं मधल्या बिंदूपासूनचं सरासरी अंतर काढा, मोबाईलवर फोटो काढून हे करणारी ॲप आहेत, हा आकडा कमी शॉटमध्येही जास्त खरं बोलतो. पाच ग्रुपची सरासरी आणि सगळ्यात वाईट ग्रुप, दोन्ही लिहा. सिल्हूटसाठी मी वाईट ग्रुपकडे आधी बघतो.

यातून दोन-तीन प्रकार पुढे न्या आणि दुसरी फेरी १०० मीटरवरच करा, ५० चे आकडे दुपटीने गुणून काम भागवू नका. कारण असं: दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर ५० मीटरवर त्या वरखाली सहा-सात मिमीने पडतात, चटकन लक्षातही येत नाही, पण १०० वर तोच फरक अडीच-तीन सेमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट आणि फरक चौपट. ५० वर गोल दिसणारा ग्रुप १०० वर उभा लांबट झाला की समजायचं वेग सारखा नाही. आडवा लांबट झाला तर आधी वाऱ्याला आणि स्वतःच्या ट्रिगरला विचारा.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम, हल्ली छोटे डॉपलर रडारवाले आलेत ते बॅरलला काही न लटकवता मोजतात. वीस-पंचवीस शॉटच्या वेगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरतो ते, बघा. तीन मीटर प्रति सेकंद किंवा कमी म्हणजे चांगला लॉट, पाचच्या वर गेलं की मेंढ्यावर त्रास देणार. पण नुसता क्रोनोग्राफ बघून लॉट घेऊ नका, वेग एकदम सारखा आणि ग्रुप मात्र पसरलेला असं होतं, बॅरलला तो लॉट पटत नाही, बस.

पायरी पाचवी: सॉर्टिंग करायचं का

रीलोडिंगची सवय असलेल्यांचे हात इथे शिवशिवतात. दोन प्रकार चालतात. एक, रिमची जाडी मोजणे. रिमवरच हेडस्पेस, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये किती खोल बसतं ते, ठरतो, जाडी साधारण एक मिलिमीटर असते, डायल गेजला छोटा अडॅप्टर लावून ०.०२५ मिमीच्या टप्प्यांनी गट पाडायचे. दोन, वजन करणे. पूर्ण काडतूस साधारण ३.३ ग्रॅम भरतं, पण त्यात केस, गोळी, मेण, पावडर, प्रायमर सगळं आलं, वजनातला फरक कशामुळे आला ते कळत नाही.

माझा अनुभव असा की स्वस्त डब्यातून टोकाची, म्हणजे फार जाड रिमची किंवा उघडच हलकी-जड काडतुसं बाजूला काढली तर फ्लायर थोडे कमी होतात, बाकी बारीक गट पाडण्यात वेळ जातो आणि कागदावर काही दिसत नाही. मॅच काडतुसांत तर फॅक्टरीनेच हे काम केलेलं असतं. त्यापेक्षा डोळ्याने तपासणं स्वस्त आणि उपयोगी आहे: गोळीच्या टोकाला खड्डा, वाकडी बसलेली गोळी, मेणाला चिकटलेली वाळू, असं दिसलं की ते काडतूस सरावाच्या डब्यात. काढलेली काडतुसंही मूळ डब्याच्या लॉट नंबरसकट ठेवा. गेजमध्ये काडतूस घालताना रिमवर दाब किंवा ठोका बसता कामा नये, स्फोटक तिथेच आहे हे विसरू नका, आणि काम झाल्यावर हात धुवा, शिसं आहे.

पायरी सहावी: मेंढा पडतो का ते खरोखर बघा

कागदावर जिंकलेला लॉट लोखंडावर तपासल्याशिवाय मोठी खरेदी करू नका. १०० मीटरवर मेंढे लावा आणि बेंचवरून मुद्दाम पाठीवर, पोटावर, पायाकडे मारून बघा. पाठीवर लागलेला मेंढा कशानेही पडतो, प्रश्न खाली लागलेल्याचा असतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीने पायावर लागून काही उभे राहणारच, ते कुणालाच चुकलं नाही. काही जण फक्त मेंढ्यांसाठी जरा वेगवान काडतूस ठेवतात, पण मग मेण बदललं, झिरो (नेम आणि गोळी जुळण्याची स्कोपची सेटिंग) बदलला, वारा जास्त लागणार, इतकं सगळं सांभाळण्यापेक्षा एकच लॉट ठेवून निशाणा मेंढ्याच्या पाठीकडे थोडा वर धरणं मला सोपं वाटतं. डोळ्यांना चष्मा लावूनच, लोखंडावरून शिशाचे कण परत येतात.

त्याच दिवशी क्लिकही, म्हणजे प्रत्येक अंतरासाठी स्कोप किती फिरवायचा तेही, पक्के करा. सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद वेग आणि बॅरलपासून ४ सेमी उंच स्कोप धरला तर ४० मीटरच्या झिरोवरून डुकरासाठी अंदाजे अडीच मिनिट ऑफ अँगल (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) वर, टर्कीसाठी पाच, मेंढ्यासाठी नऊच्या आसपास. पाव मिनिटाच्या क्लिकमध्ये दहा, वीस आणि पस्तीस-छत्तीस. हे फक्त सुरुवातीचे आकडे, खरे आकडे तुमच्या लॉटने तुमच्या रायफलमधून प्रत्येक अंतरावर मारून काढायचे आणि चिठ्ठीवर लिहून स्टॉकला चिकटवायचे. थंडीत पावडर जरा मंद चालते आणि मेणही कडक होतं, त्यामुळे थंडीची आणि उन्हाळ्याची चिठ्ठी वेगळी निघाली तर आश्चर्य नको, फरक मेंढ्यावरच जास्त दिसतो.

पायरी सातवी: एकदा जमलं की साठा करा

लॉट पसंत पडला की त्याच नंबरचे डबे शक्य तितके लगेच घ्या, परवान्यात जेवढे ठेवता येतात त्या मर्यादेत. महिन्याभराने गेलात तर दुकानात नाव तेच असेल, लॉट दुसरा असेल आणि सगळी टेस्ट पहिल्यापासून. परवडत नसेल तर मधल्या किमतीच्या एकाच लॉटवर सराव आणि मॅच दोन्ही करा, एका महागड्या डब्यावर मॅच आणि तीन वेगळ्या स्वस्त डब्यांवर सराव यापेक्षा हे कितीतरी बरं.

डबे कोरड्या, थंड, कुलूपबंद जागी, मूळ पॅकिंगमध्ये. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण वितळून खाली उतरतं आणि गोळीवर असमान थर राहतो. मॅचच्या दिवशीही उघडा डबा उन्हात टेबलावर पडू देऊ नका, झाकण लावा किंवा सावलीत ठेवा. चेंबर गरम असताना काडतूस आत घालून मिनिटभर बसून राहायचं नाही, 'फुएगो' आला आणि नेम लावायला तयार झालात की मगच भरा.

एखादं काडतूस उडालं नाही तर बॅरल टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. ते काडतूस फिरवून पुन्हा लावायचा मोह होतो, मॅचमध्ये वेळ चाललेला असतो, तरी बाजूला ठेवा. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुस्स झालं, तर पुढचं काडतूस भरूच नका, हात वर करून रेंज ऑफिसरला सांगा, बोल्ट काढा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतोय का ते पहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी मारली तर बॅरल फुगतं, आणि फुगलेल्या बॅरलला कुठलाच लॉट चालत नाही.